उठ-बस, उचल-ठेव: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी ताकदीचा व्यायाम कसा सुरू करावा

अठरावं वर्ष उलटलं की विशेष शाळा संपते. काहींना दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळते, पुष्कळ जण घरीच राहतात. शाळेत निदान कवायत होती, मैदान होतं, स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम होती. ते सगळं एकदम थांबतं आणि दिवस पलंग, खुर्ची आणि टीव्ही यांच्यातच जायला लागतो. मग तिशीच्या आसपासच जमिनीवरून उठताना कुणाचा तरी हात लागतो, जिन्यावर कठडा सोडवत नाही, एसटीची पायरी उंच वाटू लागते. घरचे म्हणतात, ‘त्याचं आधीपासून असंच आहे.’ पुष्कळदा तसं नसतं. स्नायूंना वर्षानुवर्षं काम मिळालेलं नसतं, आणि काम दिलं तर ते या वयातही धरतात.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे: आई-वडील, भाऊ-बहीण, कार्यशाळेत नुकतेच रुजू झालेले निदेशक, किंवा ज्यांच्या जिममध्ये असा सभासद पहिल्यांदाच आला आहे ते प्रशिक्षक.

‘आम्ही रोज चालायला नेतो की,’ हे वाक्य पालकसभांमध्ये हमखास ऐकू येतं. चालणं उत्तमच, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालून मांड्यांची, पाठीची, हातांची ताकद एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत दिव्यांग व्यक्तींचा स्वतंत्र विचार केला आहे. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीराच्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. यातला दुसरा भाग आपल्याकडे जवळजवळ कुणीच करून घेत नाही.

तो करून घेतला तर फरक पडतो, हे तपासून पाहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातल्या संशोधकांनी डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्याने येणारी अवस्था) असलेल्या तरुणांना आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, साध्या सार्वजनिक जिममध्ये व्यायाम दिला. प्रत्येकाच्या जोडीला फिजिओथेरपीचा एक विद्यार्थी होता. ताकद वाढली. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, तोही दहाच आठवड्यांचा, पायांची ताकद वाढलीच आणि जिना चढण्या-उतरण्याचा वेगही सुधारला. दोन्हीकडे वजन हळूहळू वाढवत नेलं होतं. माझ्या मते सगळं इथेच आहे. आपण या मुलांना हलक्याफुलक्या हालचाली वर्षानुवर्षं तशाच देत राहतो आणि मग म्हणतो की फरक पडत नाही.

आधी डॉक्टरांकडे

ही पायरी ओलांडू नका. जुनी फाइल, चालू औषधांची यादी आणि शेवटच्या तपासण्या घेऊन जा आणि नेमकं विचारा, ‘वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करतोय, काय टाळायचं?’

डाउन सिंड्रोम असेल तर तीन गोष्टी वेगळ्याने बघायच्या. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयाचा काहीतरी दोष असतो. लहानपणी शस्त्रक्रिया झाली असली तरी मोठेपणी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे का, ते विचारा. थायरॉइड मंदावणं खूप आढळतं. तसं असेल तर माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, स्नायू थकतात आणि सगळे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. तिसरी गोष्ट मानेची. डाउन सिंड्रोममध्ये सांध्यांचे बंध सैल असतात, आणि काहींच्या मानेतले सर्वांत वरचे दोन मणके एकमेकांवर जास्त सरकतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण झाला तर मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणून कोलांटी, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, डोक्याने चेंडू मारणं, खांद्यांवर आडवी सळई ठेवून बैठका हे सगळं बाजूला ठेवा. चाल अचानक बदलली, पाय अडखळायला लागले, मान एका बाजूला धरली जाते, हातातून वस्तू निसटतात, किंवा कधी नव्हे ते कपड्यांत लघवी व्हायला लागली, तर व्यायाम लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कधीतरी काढलेला मानेचा एक्स-रे चांगला होता म्हणून ही लक्षणं सोडून देऊ नका.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला फिट्स येतात. फिट्स असल्या तरी व्यायाम चालतो. गोळी चुकलेल्या दिवशी मात्र करू नये, उताणं झोपून तोंडावर-छातीवर वजन धरू नये, उंचावर चढवू नये, आणि पोहायला नेलंत तर एका माणसाचं लक्ष फक्त त्याच्यावर हवं. फिट्सची काही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर हाडं ठिसूळ करतात, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली तर टाळू नका. मन शांत ठेवण्याच्या काही औषधांनी भूक आणि वजन वाढतं. हे माहीत असलं की वाढलेल्या पोटाबद्दल त्याला बोलणं आपोआप बंद होतं.

सेरेब्रल पाल्सीही असेल, हातपाय ताठ असतील, तर खाली दिलेला क्रम तसाच उचलू नका. फिजिओथेरपिस्टकडून आखून घ्या.

जोडीदार, जागा आणि वेळ

आठवड्यातले दोन वार पक्के करा आणि मध्ये निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या, म्हणजे मंगळवार-शुक्रवार किंवा सोमवार-गुरुवार. वार, वेळ, जागा, शक्य तर पायातले बूटसुद्धा तेच. ठरलेला क्रम यांना आवडतो आणि तो मोडला की बिनसतं. कॅलेंडरवर त्या वारांना त्याच्याच हाताने खूण करून घ्या. चप्पल घालून व्यायाम नको, मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर तर अजिबात नको.

सोबत करणारा माणूस स्वतःही व्यायाम करणारा असावा. आईने खुर्चीत बसून ‘कर, कर’ म्हणायचं आणि मुलाने करायचं, हे फार दिवस टिकत नाही. भाऊ, चुलतभाऊ, शेजारचा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी मिळाली तर फार बरं. वयाने जवळचं कुणी असलं की त्याला शिकवणीचा वास येत नाही. आणि समोरचा माणूस पस्तिशीचा असेल तर त्याच्याशी पस्तिशीच्या माणसासारखंच बोला. त्या जिममध्ये इतरांना दादा-ताई म्हणत असाल तर त्यालाही म्हणा. बाळबोध बोबडे बोल आणि टाळ्या पिटणं नको.

सुरुवातीची नोंद

वजनकाट्यावर फार विसंबू नका. ताकद मोजायची तर काम मोजा. भिंतीला टेकवलेली, बिनचाकांची, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते मोजा. पहिल्या दिवशीचा आकडा लिहू नका, कारण त्या दिवशी तुम्ही ताकद मोजत नसता, सूचना किती समजली ते मोजत असता. दोन-तीन वेळा खेळासारखं करून घ्या आणि मग वहीत लिहा. हात न टेकता उठताच आलं नाही तर तसं लिहा.

आणखी दोन नोंदी पुरतात. घरचा एक मजला चढायला किती सेकंद लागतात आणि कठडा धरावा लागतो का. दोन हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन किती वेळ उभं राहता येतं. तारीख घाला. दर सहा आठवड्यांनी हेच पुन्हा, त्याच खुर्चीवर.

एक हालचाल कशी शिकवायची

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

‘पाय मागे घे, हात बांध, पुढे झुक आणि ऊठ’ असं एका दमात सांगितलं तर ती चार कामं झाली. त्यातलं शेवटचं तेवढं लक्षात राहतं, तो कसाबसा उठतो आणि आपण म्हणतो जमत नाही. हालचालीचे तुकडे पाडा. खुर्चीवरून उठण्याचे पाच तुकडे होतात: पाय मागे, हात छातीशी, पुढे झुक, ऊठ, ताठ उभा. बसण्याचे दोन: खुर्ची पायाला लागू दे, हळू बस. एका तुकड्याला एकच शब्द ठरवा आणि तो शब्द घरात सगळ्यांनी तोच वापरा. बाबा ‘वाक’ म्हणतात आणि ताई ‘झुक’ म्हणते, असं नको.

स्वतः करून दाखवा, पण शेजारी उभं राहून. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तो गोंधळ सोडवण्यातच तास जातो. मोठा आरसा असेल तर दोघं मिळून त्यात बघा.

सूचना दिल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते दहा सेकंद फार मोठे वाटतात आणि आपण पुन्हा सांगतो, वेगळ्या शब्दांत सांगतो, हात ओढतो. त्याच्या डोक्यात पहिली सूचना नुकती पोचत असते, तेवढ्यात दुसरी येऊन आदळते. थांबूनही झालं नाही तर मदत करा, मात्र सगळ्यात कमी मदतीपासून: आधी नुसती खूण, मग कोपराला हलका स्पर्श, मग हात धरून. आणि आज हात धरावा लागला तर पुढच्या वेळी स्पर्शावर भागतंय का ते बघा. मदत हळूहळू काढून घेणं हेच शिकवणं. आपल्याकडच्या विशेष शिक्षकांना ही पद्धत अंगवळणी पडलेली असते. व्यायामासाठी ती कुणी वापरत नाही एवढंच.

दहा आकडे मोजता येत नसतील तर दोन वाट्या घ्या. एका वाटीत बाटल्यांची दहा झाकणं. एक उठ-बस झाली की एक झाकण पलीकडच्या वाटीत. किती झालं आणि किती उरलं हे डोळ्यांना दिसतं, ‘अजून किती?’ हा प्रश्न संपतो. त्याचेच व्यायाम करतानाचे फोटो काढून क्रमाने पुठ्ठ्यावर लावा. दुसऱ्या कुणाच्या चित्रापेक्षा स्वतःचा फोटो लवकर कळतो.

कौतुक नेमकं करा: ‘आज हळू बसलास, धपकन नाही.’ बक्षीस म्हणून चॉकलेट, वेफर्स देऊ नका. प्राडर-विली सिंड्रोम असलेल्यांना तर अजिबात नको, त्यांची भूक मुळातच आवरत नाही. आवडतं गाणं लावणं, फोन करून मामाला आकडा सांगणं, वहीवर स्वतः शिक्का मारणं हे पुरतं.

पहिले दोन-तीन आठवडे वजन नकोच, फक्त हालचाल बसवायची. सुरुवातीची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट जुंपायला शिकतात म्हणून. स्नायू जाड होणं नंतर येतं. त्यामुळे दंड फुगलेला दिसला नाही तरी उठताना कमी धडपड दिसेल, आणि ती खरी प्रगती आहे.

कोणते व्यायाम

पाच-सहा पुष्कळ झाले. दोनपासून सुरू करा आणि एक बसला की दुसरा जोडा. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून, हात फिरवून अंग गरम करायचं.

खुर्चीवरची उठ-बस हा सगळ्यांत महत्त्वाचा. जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करा, आणि आठवड्याआड एकेक घडी कमी करत जा. बसताना मनात तीन मोजत बसायचं, कारण हळू बसण्यातच मांड्यांना खरं काम पडतं. तालमीतल्या खोल बैठका सैल गुडघ्यांना सुरुवातीला नकोत.

जोर भिंतीवर सुरू होतात. भिंतीपासून एक हात दूर उभं राहून, तळवे छातीच्या उंचीवर, छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचं. हे सोपं झालं की स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

ढकलणं झालं तसं ओढणंही हवं, नाहीतर खांदे पुढे गोल होतात. खिडकीच्या गजाला रबरी व्यायामपट्टा बांधून दोन्ही कोपरं मागे खेचायची. पट्टे साधारण पिवळा, लाल, हिरवा, निळा या क्रमाने कडक होत जातात. प्रत्येक वेळी पट्ट्याला चीर गेली नाही ना ते बघा, तुटला तर तो डोळ्यावर येतो.

मग पायरीवर चढ-उतार, ओटा धरून टाचा उचलणं, आणि उताणं झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं. यांत सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त घाई नको.

पिशव्या घेऊन चालणं माझ्या विशेष आवडीचं. दोन कापडी पिशव्या, प्रत्येकीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, एक लिटरची बाटली म्हणजे साधारण एक किलो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत जायचं, पिशव्या हळू ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. पकड, खांदे, पाठ, पाय सगळं यात येतं, आणि एके दिवशी तो खरोखर भाजीची पिशवी उचलून आणतो. घरात त्याचं स्थान त्या दिवशी बदलतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

शेवटी एका पायावर उभं राहणं, एक बोट भिंतीला लावून. पडण्याची भीती यानेच कमी होते.

वजन वाढवणं

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, मग मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा. सुरुवातीला अशी एक फेरी, महिन्याभराने दोन, जमल्यास तीन. योग्य वजन म्हणजे जे दहा-बारा वेळांनंतर आणखी चार-पाच वेळा सहज जमत नाही ते. व्यायामाच्या लागोपाठ दोन वारांना बाराच्या बारा नीट झाले की वाढवा: अर्धा लिटर पाणी, पुढचा पट्टा, एक घडी कमी. वाढवल्यावर आकडा आठवर येईल, येऊ द्या. पाण्याऐवजी वाळू भरली तर तीच लिटरची बाटली दीड किलोच्या आसपास जाते, नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

किती दमला हे विचारून कळत नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून कशालाही ‘हो’ म्हणण्याची सवय अनेकांना असते. ‘दमलास का?’ हो. ‘बरं वाटतंय का?’ हो. त्यापेक्षा ‘सोपं की जड?’ असं विचारा आणि थोड्या वेळाने उलटं करून ‘जड की सोपं?’ दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं तर धरा. शेवटचं उठणं पहिल्यापेक्षा हळू झालं, चेहरा आक्रसला, श्वास वाढला तरी नाव विचारल्यावर सांगता येतंय, म्हणजे मेहनत योग्य. मनगटातल्या घड्याळाचे ठोके आणि ‘२२० वजा वय’ हे गणित डाउन सिंड्रोममध्ये लावू नका. त्यांच्या हृदयाचे ठोके व्यायामात मुळातच तेवढे वर जात नाहीत, आणि घड्याळ बघून तुम्ही त्याला विनाकारण जास्त पळवाल.

श्वास रोखून वजन उचलू देऊ नका. आकडे मोठ्याने म्हणायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर करा, मध्ये पाणी द्या. काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं.

नाही म्हणाला तर, दुखलं तर

‘नाही’ म्हणण्याचा त्याला हक्क आहे, पण ‘नाही’ कशामुळे ते शोधा. जिममधला आवाज, ट्यूबलाइटची फडफड, शेजारच्या माणसाचं टक लावून बघणं, कालची अपुरी झोप. दोनच पर्याय द्या: ‘आधी पिशवी की आधी खुर्ची?’ तरी नको असेल तर एकच व्यायाम, तोही पाचच वेळा, आणि वहीत शिक्का. वार मोडू नये एवढंच.

दुखणं अनेकांना सांगता येत नाही. ते वागण्यातून दिसतं: एका पायावर भार टाळणं, जेवण कमी होणं, स्वतःला मारून घेणं, नेहमीच्या खुर्चीकडे न जाणं. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं साहजिक आहे, दोन दिवसांत ते जातं. सांधा सुजला, एकाच जागी दुखणं राहिलं, छातीत धरलं, ओठ निळसर झाले, चक्कर आली, तर पुढचं ठरवणं डॉक्टरांचं.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट रुग्णालय.

कुणाची मदत घ्यायची

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत येतो. कार्ड काढलं नसेल तर काढा, आणि काढलं असेल तर नूतनीकरणाची तारीख बघा. फिजिओथेरपिस्टकडे दर आठवड्याला जाणं परवडत नसेल तर दर दोन महिन्यांनी एकदा जाऊन फक्त हालचाली तपासून घ्या. केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. मुंबईत जय वकील ही संस्था १९४४ पासून, पुण्यात कामायनी ही संस्था १९६४ पासून या क्षेत्रात आहे. आपल्या गावच्या संस्थेत व्यायामाचा तास कसा होतो ते एकदा जाऊन बघा आणि नसेल तर पालक म्हणून मागा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या क्रीडा स्पर्धांमध्ये प्रौढही उतरतात. सरावाला ध्येय मिळालं की सकाळी उठवावं लागत नाही.

चाळिशीनंतर

डाउन सिंड्रोम असलेल्यांचं शरीर लवकर म्हातारं होतं आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोकाही इतरांपेक्षा बराच आधी येतो. म्हणून या वयात व्यायाम कमी करायचा नाही, पण वही जास्त लक्षपूर्वक बघायची. वर्षभर बारा वेळा सहज उठणारा माणूस महिन्याभरात सहावर आला, नेहमीचा क्रम विसरू लागला, जिन्याशी घाबरून थबकू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, ब जीवनसत्त्व, कान, डोळे, झोपेत श्वास अडकणं, घरातल्या कुणाच्या जाण्याचं दुःख, यांतलं कोणतंही कारण असू शकतं आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवा. जे त्याला सांगता येत नाही, ते तारखांसकट त्यात लिहिलेलं असतं.